ईव्हीएची आकार-स्मृती पट्टी मूळ लांबीवर पूर्ण परत येत नाही. चूक कुठे होत असावी?

गंगापूररोड_नाशिक

नमस्कार. मी नाशिकमध्ये रसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते आणि माझ्या प्रकल्पाचा विषय आकार-स्मृती पॉलिमर हा आहे. असे पॉलिमर गरम करून ताणले आणि ताणलेल्याच अवस्थेत थंड केले, तर तो नवा आकार ते धरून ठेवते, आणि पुन्हा गरम केले की आपल्या मूळ आकारावर परत येते. आंद्रेआस लेंडलाइन आणि रॉबर्ट लँगर यांनी २००२ साली 'सायन्स' या नियतकालिकात दाखवलेला टाक्याचा धागा, ज्याची सैल बांधलेली गाठ सुमारे ४० अंशांच्या उबेने आपोआप आवळली जाते, तो वाचनात आल्यापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही.

त्या दर्जाची रसायने आमच्या प्रयोगशाळेच्या आवाक्यात नाहीत. म्हणून चपलांच्या तळव्यांत आणि सौर पॅनेलच्या काचेखाली वापरतात ते ईव्हीए (इथिलीन-व्हिनाइल ॲसिटेट) मी निवडले. त्यात व्हिनाइल ॲसिटेटचे प्रमाण १८ टक्के आहे. १०० भाग ईव्हीएमध्ये २ भाग डायक्युमिल पेरॉक्साइड (पॉलिमरच्या रेणूंना एकमेकांशी बांधणारे रसायन) दोन रोलांच्या मिलवर मिसळले आणि अंबडमधील ओळखीच्या एका छोट्या कारखान्याच्या हायड्रॉलिक प्रेसवर १६० अंश सेल्सिअसला २० मिनिटे दाबून १ मिलिमीटर जाडीची शीट काढली. तिच्यातून १० मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापल्या.

पट्टीवर ६० मिलिमीटर अंतरावर पेनाने दोन खुणा केल्या, ८० अंशांच्या पाण्यात ती पाच मिनिटे ठेवली, खुणांमधील अंतर १२० मिलिमीटर होईपर्यंत ताणली आणि तशीच धरून बर्फाच्या पाण्यात बुडवली. हात सोडल्यावर अंतर ११७ मिलिमीटर राहिले, म्हणजे तात्पुरता आकार चांगला धरला गेला. मात्र पुन्हा ८० अंशांच्या पाण्यात टाकल्यावर पट्टी ७२ मिलिमीटरवर येऊन थांबली आणि कितीही वाट पाहिली तरी पुढे सरकली नाही. तिसऱ्या फेरीनंतर तर हे अंतर ८० मिलिमीटरच्याही पुढे गेले. मार्गदर्शकांचे मत असे आहे की ईव्हीए हे या कामासाठी योग्य द्रव्यच नसावे आणि मी विषय बदलावा. मला ते पटत नाही, पण माझ्याकडे उत्तरही नाही. कृपया मार्गदर्शन करावे.

पाषाण_जुना_संशोधक

आपण आकडे दिलेत म्हणून उत्तर देणे शक्य आहे. बहुतेक जण केवळ "नीट परत येत नाही" एवढेच लिहितात. विषय बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पेरॉक्साइडने बांधलेले ईव्हीए हे आकार-स्मृतीचे चांगले आणि अनेकांनी वापरलेले द्रव्य आहे.

प्रथम या द्रव्यात आकार कुठे साठवलेला असतो ते पाहू, कारण आपल्या अडचणीचे मूळ तिथेच आहे. अशा पॉलिमरमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी दोन वेगवेगळी कामे करतात. एक म्हणजे पॉलिमरच्या लांब रेणूंच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या गाठी, ज्यांना आपण क्रॉसलिंक म्हणतो. कोणती साखळी कोणत्या साखळीजवळ होती हे त्या गाठींनी पक्के केलेले असते आणि कायमचा आकार म्हणजे तेच. दुसरी गोष्ट म्हणजे कुलूप. ईव्हीएमध्ये कुलपाचे काम पॉलिएथिलीनच्या भागाचे बारीक स्फटिक करतात: थंड केले की ते तयार होतात आणि ताणलेल्या साखळ्यांना आहे तिथेच अडकवतात, गरम केले की वितळतात आणि साखळ्या मोकळ्या होतात. मोकळ्या झालेल्या साखळ्या मागे का येतात, याचे उत्तर एंट्रॉपीत आहे. ताणलेल्या साखळीला राहण्याच्या शक्यता फार थोड्या असतात आणि गुंतून बसलेल्या साखळीला असंख्य, म्हणून उष्णता मिळताच ती गुंत्याकडे ओढ घेते. रबरबँडला वजन टांगून गरम हवा दिली तर वजन वर उचलले जाते, ते याच कारणाने. जॉन गॉफ यांनी १८०५ मध्ये आणि पुढे १८५९ मध्ये जूल यांनी रबराचे हे वागणे नोंदवले आहे. ही ओढ कोणत्या ठिकाणाकडे घेऊन जाणार, हे मात्र गाठी ठरवतात. गाठी कमी असतील तर ताणलेल्या अवस्थेतच साखळ्या एकमेकींवरून घसरतात, आणि घसरलेली साखळी आपली जुनी जागा विसरलेली असते.

आपण उल्लेख केलेल्या धाग्यातही हीच दोन कामे दोन वेगळ्या घटकांकडे सोपवलेली होती: पॉलिडायॉक्झॅनोनचे भाग गाठींचे काम करतात आणि पॉलिकॅप्रोलॅक्टोनचे भाग कुलपाचे. तिथे गाठी रासायनिक बंधांच्या नसून अधिक उंच तापमानाला वितळणाऱ्या स्फटिकांच्या आहेत, एवढाच फरक.

आता आपले आकडे. ६० वरून १२० वर नेले, म्हणजे ताण ६० मिलिमीटरचा; सोडल्यावर त्यातले ५७ राहिले, म्हणजे आकार धरण्याचे प्रमाण ९५ टक्के. कुलूप उत्तम चालते आहे. १२० वरून ७२ वर आले, म्हणजे ६० पैकी ४८ परत मिळाले, ८० टक्के. तोटा गाठींकडे आहे आणि प्रत्येक फेरीत तो वाढतो आहे, हे तर घसरणीचे ठळक लक्षण आहे.

संशय दोन ठिकाणी घ्यावा. पहिला पाण्यावर. १८ टक्के व्हिनाइल ॲसिटेट असलेले ईव्हीए साधारण ८५ ते ९० अंशांच्या आसपास वितळते. आपण ८० वर थांबता, म्हणजे कुलूप पूर्ण उघडण्याआधीच पट्टी ओढता, आणि परत येतानाही ते अर्धवटच उघडलेले असते. उकळते पाणी वापरावे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तिथे पाणी १०० ऐवजी जवळपास ९८ अंशांनाच उकळते, तरी आपल्या कामाला तेवढे पुरेसे आहे.

दुसरा संशय मला अधिक बळकट वाटतो, आणि तो प्रेसवर आहे. डायक्युमिल पेरॉक्साइडचे अर्धे विघटन व्हायला १७५ अंशांच्या सुमारास साधारण १ मिनिट लागते, पण १३५ अंशांच्या सुमारास त्यालाच सुमारे १ तास लागतो. खरोखर १६० अंश असतील तर २० मिनिटे चालून जातात. परंतु प्रेसच्या तबकडीवरचा आकडा हा प्लेटच्या आत हीटरजवळ बसवलेल्या सेन्सरचा असतो. साच्याच्या आत, शीटला लागून किती तापमान आहे, ते तो सांगत नाही. साच्यात २० अंशांची तूट असेल तर आपले बहुतेक पेरॉक्साइड न फुटताच राहिले असणार. थर्मोकपलची बारीक तार साच्याच्या दोन भागांमध्ये ठेवून प्रत्यक्ष तापमान मोजावे.

आणखी एक विचारतो: पेरॉक्साइडची बाटली कुठे ठेवली होती? ते सुमारे ४० अंशांना वितळते, आणि नाशिकचा एप्रिल-मे त्याला पुरेसा असतो. ते थंड जागी, उष्णतेपासून आणि इतर रसायनांपासून दूरच ठेवावे लागते.

अंबड_लघुउद्योजक

मी गेली अनेक वर्षे केबलच्या जोडणीचे साहित्य आणि श्रिंक स्लीव्ह यांच्या व्यवसायात आहे. संशोधन हे माझे क्षेत्र नव्हे, पण ताईंच्या प्रश्नाशी आमचा रोजचा संबंध आहे, म्हणून लिहितो. आकार-स्मृती हा शब्द ऐकायला नवा वाटतो, परंतु नाशिकमध्ये जिथे जिथे इलेक्ट्रिकल पॅनेल बांधले जातात तिथे प्रत्येक वायरमनच्या खिशात ही वस्तू असते. श्रिंक स्लीव्ह म्हणजे क्रॉसलिंक केलेल्या पॉलिएथिलीनची नळी. कारखान्यात ती गरम करून दुपटीने किंवा तिपटीने फुगवतात आणि फुगलेली असतानाच थंड करतात. वायरवर चढवून हॉट एअर गन दाखवली की ती आपल्या मूळ व्यासाकडे येऊ लागते आणि जोडावर घट्ट बसते. आर्थर चार्ल्सबी यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये पॉलिएथिलीनवर किरणोत्साराचा मारा करून गाठी पाडता येतात हे दाखवले, आणि १९५७ साली पॉल कुक यांनी सुरू केलेल्या रेकेम कंपनीने त्याचा धंदा उभा केला. म्हणजे नावाचा गाजावाजा होण्याच्या कितीतरी आधी हे द्रव्य बाजारात पोहोचले होते.

आता कामाची गोष्ट. गाठी पडल्या आहेत की नाहीत हे ओळखायला आम्ही हॉट सेट टेस्ट करतो. एक्सएलपीई, म्हणजे क्रॉसलिंक केलेल्या पॉलिएथिलीनच्या केबलसाठी ती अशी असते: पट्टी २०० अंशांच्या ओव्हनमध्ये टांगायची, खाली दर चौरस सेंटिमीटर छेदाला २० न्यूटन या हिशेबाने वजन लावायचे आणि १५ मिनिटांनी लांबी मोजायची. वाढ १७५ टक्क्यांच्या आत हवी. नंतर वजन काढून, गार झाल्यावर कायमची वाढ १५ टक्क्यांच्या आत हवी. ताईंची पट्टी १० मिलिमीटर रुंद आणि १ मिलिमीटर जाड आहे, म्हणजे छेद एका चौरस सेंटिमीटरचा दहावा भाग, म्हणजे वजन २ न्यूटन. वाण्याच्या तराजूतले २०० ग्रॅमचे वजन चालेल. गाठी नसलेली पट्टी काही मिनिटांत लांबत जाऊन तुटून खाली पडते. कमी गाठींची पट्टी तुटत नाही, पण मधोमध बारीक होते आणि लांबच राहते. पूर्ण बांधलेली पट्टी लांबते, तिथेच थांबते आणि वजन काढताच डोळ्यांदेखत वर सरकते. हे एकदा स्वतः पाहिले की गाठ म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

साठवणीबद्दल पाषाणकर सरांनी लिहिले आहे, त्यात माझा एक अनुभव जोडतो. एका मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या शेडच्या माळ्यावर, अगदी छताला लागून, स्लीव्हची खोकी राहून गेली. पावसाळ्याच्या तोंडी ती उघडली तेव्हा वरच्या थरातील नळ्या तोंडाशी आवळलेल्या होत्या. ज्या मापाच्या लगवर (वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या जोडणीवर) त्या सहज चढायला हव्या होत्या तिथे त्या चढेनात. एकही नळी वितळली नव्हती. द्रव्यातले सगळे स्फटिक एकाच तापमानाला वितळत नाहीत, बारीक स्फटिक आधी वितळतात, आणि तेवढ्यानेही थोडे आवळणे सुरू होते, हे मला तेव्हा कळले. त्या मालाचे नुकसान मी सोसले आणि त्यानंतर खोकी जमिनीलगतच्या सावलीच्या खोलीत ठेवू लागलो.

निफाड_बागायतदार

चर्चा मन लावून वाचली. माझी द्राक्षबाग आहे आणि त्याखेरीज एक लहान पॉलिहाउस आहे. दुपारी आतली उष्णता वाढली की झडपा उघडाव्या लागतात आणि संध्याकाळी बंद कराव्या लागतात. वीज नसेल तर हे काम माणसालाच करावे लागते. असे पॉलिमर वापरून झडप आपोआप उघडेल आणि बंद होईल, असे करता येईल का? दुसरा प्रश्न असा की वर किरणोत्साराने गाठी पडतात असे लिहिले आहे. आमच्या लासलगावला कांद्यावर मारा करण्याचे कृषक केंद्र आहे. ताईंच्या पट्ट्या तिथे बांधून मिळतील का?

पाषाण_जुना_संशोधक

दोन्ही प्रश्न मुळाला हात घालणारे आहेत.

झडपेबद्दल आधी. ताईंची पट्टी एकाच दिशेने काम करते. गरम झाली की मूळ आकारावर येते; पुन्हा थंड झाली म्हणून स्वतःहून ताणली जात नाही. तिला पुन्हा तात्पुरत्या आकारात नेण्यासाठी कुणीतरी हाताने ओढावे लागते. त्यामुळे ती आपली झडप एकदा उघडेल आणि तशीच राहील. पट्टीवर सतत वजन टांगलेले ठेवले तर स्फटिक बनताना ती थंडीत लांबते आणि उष्णतेत आखडते, म्हणजे दोन्ही दिशांनी हालचाल मिळते. परंतु तिला चालायला लागणारे ८५ अंश आपल्या पॉलिहाउसमध्ये कधीच येणार नाहीत, आणि येऊही नयेत. दोन्ही दिशांनी स्वतःहून हलणारे द्रव्य हवे असेल तर द्रव-स्फटिक इलॅस्टोमर हा वर्ग आहे. पिअर-जिल द जेन यांनी १९७५ साली त्याची कल्पना मांडली, १९८१ मध्ये हाइनो फिंकेलमान आणि सहकाऱ्यांनी ते प्रत्यक्ष बनवले, आणि आज त्यावर जगभर जोमाने काम चालू आहे. आपल्या गरजेसाठी मात्र मी आज मेणाचे स्वयंचलित ओपनर सुचवेन. नळकांड्यातील पॅराफिन मेण वितळताना फुगते आणि दांडा बाहेर ढकलते, गोठताना आकसते आणि स्प्रिंग झडप ओढून घेते. विजेची गरज नाही आणि ही वस्तू हरितगृहांत पूर्वीपासून वापरात आहे. संशोधनाबद्दल मला कितीही जिव्हाळा असला तरी शेतकऱ्याच्या पिकावर अपुरे द्रव्य बसवावे, असे मी कधीच म्हणणार नाही.

कृषक केंद्राविषयी. ते भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारले आणि २००२ पासून कोबाल्ट-६० वर चालते. कल्पना चांगली आहे, अडचण मात्रेची आहे. कांद्याला कोंब येऊ नये म्हणून लागणारी मात्रा १०० ग्रेच्या (ग्रे हे किरणोत्साराच्या मात्रेचे एकक) आत असते, अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला ४०० ग्रे देतात, आणि पॉलिएथिलीनमध्ये पुरेशा गाठी पाडायला साधारण १ लाख ग्रे किंवा त्याहून अधिक लागतात. म्हणजे कांद्याच्या हजार पटींहून जास्त. म्हणून उद्योगात हे काम इलेक्ट्रॉन बीमच्या यंत्रांवर काही क्षणांत केले जाते. ताईंसाठी पेरॉक्साइडचा मार्गच सोपा आणि स्वस्त आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण मौखिक परीक्षेत ती हमखास विचारतात. निटिनॉल हा निकेल-टायटॅनियमचा आकार-स्मृती मिश्रधातू सुमारे ८ टक्के ताण परत मिळवतो, तर पॉलिमर १०० टक्के आणि त्याहून कितीतरी जास्त. पण परत येताना निटिनॉल शेकडो मेगापास्कलचा जोर लावतो आणि पॉलिमर जेमतेम काही मेगापास्कलचा. कोण श्रेष्ठ असा वाद घालण्यात अर्थ नाही. लांबवर सरकायचे आहे की जोर लावायचा आहे, ते आधी ठरवावे.

गंगापूररोड_नाशिक

सर्वांचे मनापासून आभार. उशिरा लिहिते आहे, कारण सांगितलेली प्रत्येक गोष्ट करून पाहायची होती.

थर्मोकपल साच्यात ठेवून प्रेस बंद केला. तबकडीवर १६० दिसत असताना आत १४१ अंश होते, आणि वीस मिनिटांनंतरही ते १४३ च्या वर गेले नाहीत. साचा जाड पोलादाचा आहे आणि मी प्रत्येक वेळी तो थंड असतानाच प्रेसमध्ये ठेवत होते, हे तेव्हा लक्षात आले. पेरॉक्साइडची बाटली उघडली तर पांढऱ्या कणांचा एकच गोळा झालेला होता, म्हणजे एकदा तरी तो वितळून पुन्हा गोठला होता. प्रयोगशाळेतून नवी बाटली घेतली आणि ती आता शीतकपाटात वेगळ्या डब्यात ठेवली आहे.

जुन्या शीटची पट्टी २०० ग्रॅम वजनासह ओव्हनमध्ये टांगली. काचेतून पाहत होते. चौथ्या मिनिटाला ती मध्यभागी बारीक होत गेली, पारदर्शक दिसू लागली, आणि नवव्या मिनिटाला वजन खाली ठेवलेल्या ट्रेवर आपटले. मग साचा आधी अर्धा तास तापवून, आतील तापमान १६५ अंश आहे याची खात्री करून, नवी शीट २५ मिनिटे दाबली. तिच्यातली पट्टी १५ मिनिटे टिकली, सुमारे दीडपट लांबीवर थांबली आणि चिमट्याने वजन काढल्यावर वर सरकताना मी स्वतः पाहिली.

उकळत्या पाण्यात ताणून, बर्फात धरून, पुन्हा उकळत्या पाण्यात सोडल्यावर पहिल्या फेरीत खुणांमधील अंतर ६२ मिलिमीटर झाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतही ते ६२ वरच राहिले. मार्गदर्शकांना तिन्ही फेऱ्या त्यांच्यासमोर करून दाखवल्या आणि विषय बदलण्याची सूचना त्यांनी मागे घेतली. पहिल्या फेरीतला हा २ मिलिमीटरचा फरक कशाचा असावा?

पाषाण_जुना_संशोधक

फार आनंद झाला. पहिल्या फेरीतला छोटा फरक बहुतेक सर्व आकार-स्मृती पॉलिमरमध्ये दिसतो: शीट दाबताना राहिलेले अंतर्गत ताण आणि नीट न बांधलेल्या काही साखळ्या पहिल्या ओढीत आपली जागा सोडतात, आणि पुढच्या फेऱ्यांत हलण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणूनच पहिली फेरी वेगळी नोंदवतात आणि पुढील प्रत्येक फेरीची तुलना तिच्या आधीच्या फेरीशी करतात. आपल्या तक्त्यातही तसेच लिहावे.

जुनी शीट टाकून देऊ नये. दोन्ही शीटचे प्रत्येकी सुमारे ०.३ ग्रॅमचे तुकडे स्टीलच्या बारीक जाळीच्या पुडीत बांधून, वजन करून, उकळत्या झायलीनमध्ये रिफ्लक्सवर (वाफ थंड होऊन परत भांड्यात येईल अशा रीतीने) १२ तास ठेवावेत, वाळवावेत आणि पुन्हा वजन करावे. बांधलेला भाग जाळीत उरतो आणि मोकळ्या साखळ्या विरघळून जातात, त्यामुळे जेलचे, म्हणजे बांधलेल्या भागाचे, प्रमाण थेट टक्क्यांत मिळते. झायलीन ज्वलनशील आहे आणि त्याची वाफ घातक आहे, तेव्हा हे काम फ्यूम हूडखाली, हीटिंग मँटलवर आणि कुणीतरी सोबत असतानाच करावे. एकाच कृतीच्या, मुख्यतः साच्याच्या तापमानात फरक असलेल्या दोन शीट, त्यांचे जेलचे आकडे आणि परत येण्याचे आकडे शेजारी शेजारी मांडले, तर आपल्या प्रबंधातले सर्वांत मोलाचे पान तेच ठरेल. १५० आणि १५५ अंशांच्या आणखी दोन शीट काढता आल्या तर अवश्य काढाव्यात.

अंबड_लघुउद्योजक

ताई, त्या दोन शीटसाठी प्रेस लागला तर शनिवारी दुपारनंतर आमचा मोकळा असतो. साचा सकाळीच तापायला लावून ठेवू.